लाइफबोटीची वास्तुशांत

आमच्या गावात आजवर चार लाइफबोटी झाल्या आणि चारींची गावानं वाट लावली. हे मी म्युझियममध्ये येणाऱ्या पर्यटकांना सांगत नाही. त्यांना मी हसून सांगते की आमच्या प्रत्येक बोटीला दुसरं आयुष्य मिळालं, कारण व्हॉलंटियरनं असंच बोलायचं असतं. मराठीत लिहिताना हसायची सक्ती नाही, म्हणून हे मराठीत.

म्युझियम म्हणजे जुनं लाइफबोट स्टेशन. समोर नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी गाळ साठून पाण्याखाली वाळूचा आडवा बांध झालाय, त्याला इथं सगळे 'बार' म्हणतात. ओहोटीला नदी बाहेर रेटते, समुद्र आत रेटतो आणि मधल्या मध्ये त्या बांधावर लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. पॅसिफिकच्या या किनाऱ्यावर बोटी बुडायच्या त्या खोल समुद्रात नाही, तर इथं, गावाच्या डोळ्यांदेखत. म्हणून बुडणाऱ्यांना वाचवायला गावाला लाइफबोट.

पहिली बोट वल्ह्यांची. घोडे जुंपून वाळूवरून पाण्यात लोटायचे. ती जुनी झाल्यावर पबवाल्यानं तिला उभी चिरली आणि तिची एक बाजू काउंटरला ठोकली. आता तिच्यावर कोपर टेकून लोक बिअर पितात आणि हवामानाला शिव्या देतात. दुसरी, इंजिनवाली, एका शेतकऱ्यानं पालथी घालून खाली कोंबड्या पाळल्या. कोंबड्यांना ती मानवली असणार, कारण तिथं ती बरीच वर्षं टिकली. शेवटी चार जुलैच्या, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या, शेकोटीत गेली. तिसरी लाकडाची, चौघींत देखणी. ती बागेत मुलांना चढायला ठेवली, तिला घसरगुंडी लावली. मग लाकडाची कुसळं मुलांच्या हातांत जायला लागली, एका आईनं वकिलाचं नाव काढलं आणि लगेच करवतवाले आले. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आपल्याकडची म्हणून मी उगाच समजत होते. ती इथंही चांगली रुजलेली आहे.

चौथी बोट लोखंडाची आणि तिचं मला काही हसून सांगता येत नाही.

मी नागपूरची. अंबाझरीच्या तलावापलीकडे पाणी पाहिलेलं नव्हतं. नवरा पुण्याचा. त्याला पोहायला येतं असं त्यानं लग्नाच्या वेळी सांगितलं होतं, ते टिळक टँकपुरतं खरं होतं. आम्ही तेव्हा सिअॅटलजवळ बेलव्ह्यूला राहायचो. त्याच्या ऑफिसातल्या एका मित्रानं मासेमारीची छोटी बोट घेतली होती आणि ती कुणाला तरी दाखवल्याशिवाय त्याला चैन नव्हतं. माशाचा वाससुद्धा न चालणारा माझा नवरा, नुसतं "चल यार, मजा येईल" म्हटल्यावर ऑफिसातल्याच आणखी एका मित्रासोबत त्या बोटीत जाऊन बसला. ओहोटीची वेळ पाहायची असते हे त्या तिघांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. कंपनीत मात्र तिघंही रिस्क मॅनेजमेंटवर प्रेझेंटेशन द्यायचे.

बारवर त्यांची बोट उलटली. स्टेशनवरून चौथी लाइफबोट निघाली. तिच्यावर चार जण होते, त्यातला एक अगदी पोरगा, याच गावात वाढलेला. मित्रांना दुसऱ्यांनी ओढून घेतलं. माझ्या नवऱ्याला त्या पोरानं घेतलं. डेकच्या कडेला पोलादी कडी असते, खलाशी आपल्या कमरेच्या पट्ट्याचा हुक त्या कडीत अडकवून काम करतात, म्हणजे लाट आली तरी माणूस बोटीबरोबर राहतो. मागून मोठी लाट येताना त्या पोरानं पाहिली. त्यानं स्वतःचा पट्टा सोडला आणि माझ्या नवऱ्याभोवती आवळला. दुसरा पट्टा घ्यायला वेळ नव्हता.

बोट पूर्ण उलटली आणि पुन्हा सरळ झाली. ती बोट तशीच बनवलेली होती, कितीही उलटली तरी सरळ व्हायची. सरळ झाली तेव्हा कडीला माझा नवरा होता. पोरगा नव्हता.

पुण्याला सासूबाईंना आम्ही कळवलं की याला सर्दी झालीय. आपल्याकडे असंच करतात. दूरच्या माणसाला कशाला घोर, म्हणून जे घडलं ते गिळायचं. सासूबाई गेल्या तोवर त्यांना कळलं नाही की त्यांच्या मुलासाठी दुसऱ्या एका बाईचा मुलगा गेला.

ती दुसरी बाई गावातल्या शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करायची. नवरा तिच्या दाराशी जाऊन उभा राहिला तेव्हा मी गाडीतच बसले होते. तिनं दार उघडलं, त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे तू तो." मग दारातून बाजूला झाली. त्यापलीकडे ती त्याला कधी एक शब्द लागेलसं बोलली नाही. मला वाटतं, बोलली असती तर त्याला जास्त सोपं गेलं असतं.

त्या वर्षी पितृपक्षात नवरा म्हणाला, मी त्या पोराचं श्राद्ध करणार. माझ्या नवऱ्यानं तोवर स्वतःच्या वडिलांचंही नियमानं केलं नव्हतं. जानवं फक्त गणपतीत घालायचा. पण लहानपणी घरात पाठ झालेलं तोंडात होतं, त्यामुळे आमच्या बेलव्ह्यूच्या मराठी गोतावळ्यात गुरुजी नाही मिळाले की पूजा सांगायला यालाच धरून न्यायचे. तर्पणात नाव लागतं, गोत्र लागतं. गोत्र माहीत नसेल त्याचं काश्यप म्हणायचं असा आपल्याकडे रिवाज आहे. आता त्या निळ्या डोळ्यांच्या पोराचं गोत्र कोण सांगणार? झाला तो काश्यप. पानावर गेलेल्याच्या आवडीचं वाढायचं असतं, म्हणून त्याच्या आईला फोन करून विचारलं. ग्रिल्ड चीज सँडविच आणि डब्यातलं टोमॅटो सूप. तेव्हापासून दर सर्वपित्री अमावास्येला माझ्याकडे खीर, वडे, आमसुलाची चटणी आणि ग्रिल्ड चीज असा स्वयंपाक होतो. पान बाहेर ठेवलं की इथं कावळ्याच्या आधी सीगल झडप घालतो. सीगल शिवलेला चालतो का, हे मी नवऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "समुद्रावर गेलेल्याचं आहे. सीगलच बरोबर."

निवृत्त झाल्यावर लोक मुलांजवळ जातात, फ्लोरिडाला जातात. नवऱ्यानं या गावात घर घेऊ म्हटलं. मी भांडले. इथं दुकानात कढीपत्ता मिळत नाही आणि वर्षातले निम्मे दिवस ढग छताला टेकलेले असतात. पण त्याच्यासाठी हे घर कुठं घ्यायचं हा प्रश्नच नव्हता. मी आले, आणि रिकामं बसवत नाही म्हणून म्युझियमला जायला लागले.

त्या मुलाची आई आता टेकडीवरच्या वृद्धाश्रमात असते. खिडकीतून धक्का दिसतो. धक्क्यावर निवृत्त झालेली चौथी बोट सिमेंटच्या पायांवर उभी करून ठेवलेली होती, ती दिसते. गावाच्या स्मारकाच्या दगडावर मुलाचं नाव आहे, पण त्यावर आईचं समाधान नव्हतं. ती म्हणायची, "माझा मुलगा दगडावर नव्हता, बोटीवर होता. त्या कडीशेजारी त्याचं नाव लावा. मला ते एकदा बघायचंय." एवढंच मागणं. वर्षानुवर्षं बंदराच्या ऑफिसनं ते पुढं ढकललं आणि मग एक दिवस जाहीर केलं की बोट विकायची आहे.

घेणारे दोघं आले. एक आमच्याच गावचा, खेकडे पकडणारा. अंगाला खेकड्यांच्या आमिषाचा वास, तोंडात शिवी. बोट दुरुस्त करून कामाला लावणार होता. नावाचं विचारलं तर खाली बघत म्हणाला, "वेल्ड करीन." बस.

दुसरा बेलव्ह्यूचा. मूळ पुण्याचा, मोठ्या कंपनीत, बायकोही तशीच. त्याला बोटीची भाड्यानं राहायची खोली करायची होती, वीकेंडला येणाऱ्या जोडप्यांसाठी. आम्ही दोघं घरात त्याला बेलव्ह्यूकर म्हणतो, तेच इथं म्हणते. तो घरी आला, बूट बाहेर काढले, आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला. मी वडाभात केला होता, तो त्यानं मागून घेतला. "काकू, कित्येक वर्षांत असं जेवलो नाही," म्हणाला. नवऱ्यानं त्याला सगळं सांगितलं. पट्टा, कडी, आई. बेलव्ह्यूकराचे डोळे भरून आले. "काका, नाव तर लागणारच. दॅट्स द सोल ऑफ द बोट, यार. तुम्ही मला विचारायलाच नको होतं."

मी विरघळले. आपला मुलगा, आपल्या संस्कारातला, आईवडिलांना व्हिडिओ कॉलवर रोज भेटणारा. परक्या गावात वर्षं काढली की एखाद्यानं वाकून नमस्कार केला तरी माणूस त्याच्या नावावर घर लिहून देईल. बंदराच्या ऑफिसात सुनावणी झाली तेव्हा आम्ही दोघंही उठून त्याच्या बाजूनं बोललो. हा शब्दाचा माणूस आहे, आम्ही याला ओळखतो, असं मी गावासमोर सांगितलं. एकदा जेवायला आलेल्या माणसाला! खेकडेवाला मागच्या खुर्चीवर टोपी कुरवाळत बसला होता. वाचलेला माणूसच ज्याच्या बाजूनं बोलतोय त्याला कोण नाही म्हणणार? बोट बेलव्ह्यूकराला मिळाली. लेखी काही घ्यावं हे आम्हाला सुचलंच नाही. आपल्या माणसाकडून का कुणी लिहून घेतं?

आम्ही पितळेची पाटी करून घेतली, फक्त नाव असलेली, आणि ती त्याच्या हातात दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी कपाळाला लावली.

उद्घाटनाआधी वास्तुशांत करायची असं त्याच्या पुण्याच्या आईनं बजावलं होतं. बोटीची वास्तुशांत मी तरी जन्मात ऐकली नव्हती. पण नवरा म्हणाला, माणसं राहायला येणार म्हणजे वास्तूच. सिअॅटलचे गुरुजी ऐन वेळी कॅन्सल झाले, म्हणून फोन आमच्याकडे. "काका, तुम्हीच सांगा ना पूजा. शॉर्टमध्ये. होम नको, स्मोक अलार्म वाजतो." नवरा हो म्हणाला. मी वृद्धाश्रमात फोन करून त्या आईला सांगितलं की उद्या तुम्हाला नाव बघायला न्यायला येतो. तिनं केस सेट करून घेतले, हे मला तिथल्या नर्सनं सांगितलं.

त्या संध्याकाळी नवरा तयारी बघायला म्हणून बोटीवर जाऊन आला. आला, जेवला आणि मी झोपले तरी ओट्याशी खुडबुडत होता. सकाळी उठले तर ओट्यावर काळ्या तिळांची बरणी उघडी. पूजेला तीळ कशाला, असं माझ्या मनात आलं, पण हळदकुंकू, सुपाऱ्या, उदबत्त्या गोळा करण्याच्या गडबडीत मी विचारलं नाही.

व्हीलचेअर बोटीवर चढवायला खेकडेवाला आला होता, आम्ही न बोलावता. फळीवरून चढताना बाई दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून होती. डेकवर बेलव्ह्यूहून आलेली मंडळी, नव्या साड्या, फुलांच्या माळा, चकचकीत पांढरा रंग. आत केबिनमध्ये पलंग, वाइनचे ग्लास. नांगराच्या साखळीचा दिवा केलेला. जाहिरातीच्या फलकावर लिहिलं होतं की समुद्रापुढे कधीही न हरलेल्या बोटीत झोपा.

बाईनं मला विचारलं, "कडी कुठंय?" कडी होती. तिच्यात दिव्यांची माळ अडकवलेली होती. तिच्या शेजारी, जिथं पाटी लागायची होती तिथं, वायफायचा पासवर्ड आणि जाकुझी वापरण्याचे नियम होते.

बाईनं चष्मा पुसला आणि तो फलक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. तिला वाटलं असणार, खाली कुठं तरी असेल.

मी बेलव्ह्यूकराला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "काकू, प्लीज समजून घ्या. पाटी सेफ आहे, ड्रॉवरमध्ये आहे. पण गेस्ट हनिमूनला येणार, आणि डेकवर मेलेल्या माणसाचं नाव? निगेटिव्ह एनर्जी येते. रिव्ह्यू खराब होतात यार. आपण क्यूआर कोड ठेवू, ज्याला वाचायचंय तो स्कॅन करेल." माझ्या नागपुरी जिभेवर जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण ते बाहेर पडायच्या आत नवऱ्यानं हात वर केला. "आधी पूजा होऊ दे," म्हणाला. हा माणूस त्या वेळी मला नकोसा झाला. आता हा त्या पोराच्या जागेवर बसून याच्या भरभराटीचे मंत्र म्हणणार!

आणि म्हणाला की. बेलव्ह्यूकर आणि त्याची बायको पाटावर बसली, पुण्याची आई समोर उभ्या केलेल्या फोनमधून बघत होती. नवऱ्यानं गणपतीपूजन केलं, संकल्प सांगितला, एकही शब्द चुकला नाही. फोनमधून आई दोनदा म्हणाली, "किती छान सांगतायत हो." मी बाईच्या व्हीलचेअरला धरून उभी होते आणि रागानं माझे कान तापले होते.

मग त्यानं पळी खाली ठेवली. पूर्वेकडचं तोंड फिरवून दक्षिणेकडे केलं, म्हणजे बारच्या दिशेला. जानवं डाव्या खांद्यावरून काढून उजव्या खांद्यावर घेतलं. आपल्यात लहान मुलालाही कळतं की जानवं असं उजव्या खांद्यावर कशाच्या वेळी घेतात. निदान पूर्वी कळायचं. बेलव्ह्यूकराला कळलं नाही, तो हौसेनं व्हिडिओ काढत राहिला. पण फोनमधून आई किंचाळली, "अहो, हे काय करताय! शुभकार्यात तर्पण? थांबव रे त्यांना!"

कुणी थांबवलं नाही, कारण काय थांबवायचं तेच कुणाला कळेना. नवऱ्यानं खिशातून तिळाची पुडी काढली. ओंजळीत पाणी घेतलं. आणि वर्षानुवर्षं आमच्या परसात जे पुटपुटत आला होता ते त्यानं त्या डेकवर, कडीशेजारी, मोठ्यानं म्हटलं. माझ्या या मित्राला, काश्यप गोत्राच्या, आणि मग त्या पोराचं पूर्ण नाव, आईनं ठेवलेलं, मधल्या नावासकट. स्वधा नमस्तर्पयामि. अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी सोडलं, ते त्या नव्या पांढऱ्या रंगावरून तिळांसकट वाहत गेलं.

याचा पुढचा भाग आधीच सांगून टाकते. बेलव्ह्यूकरानं नंतर दुसरे गुरुजी आणून शांत करून घेतली. बोट प्रत्येक वीकेंडला भरलेली असते. रिव्ह्यू उत्तम आहेत. पाटी अजून ड्रॉवरमध्ये आहे, की टाकली, देव जाणे, कारण तो आमचा फोन उचलत नाही. बेलव्ह्यूच्या गोतावळ्यात नवऱ्याला आता कुणी पूजेला बोलवत नाही, म्हणतात, काकांचं डोकं फिरलंय. मी म्युझियममध्ये पर्यटकांना सांगते की चौथ्या बोटीलाही दुसरं आयुष्य मिळालं, आणि हसते. आम्ही गावासमोर ज्याची हमी दिली त्यानं आमच्या हातानं त्या बाईचं शेवटचं मागणं बुडवलं, हे मी कुणाला सांगू? खेकडेवाला दिसला की मी रस्ता ओलांडते.

पण त्या दिवशी डेकवर, पुण्याची आई फोनमधून ओरडत असताना, व्हीलचेअरवरची आई मान वाकडी करून ऐकत होती. तिला आमचं काही कळत नव्हतं. पळी, तीळ, जानवं, संस्कृत, आरडाओरडा, काही नाही. त्या सगळ्या गलबल्यातून तिला एकच गोष्ट कळली आणि ती कळल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिचा हात खुर्चीवरून सुटला.

नवऱ्यानं दुसऱ्यांदा ओंजळ भरली, नाव घेतलं, पाणी सोडलं. तिसऱ्यांदा घेतलं. तर्पणात तीनदाच घेतात, त्यानं ओंजळ झटकली आणि जानवं सरळ करायला हात खांद्याकडे नेला. खेकडेवाल्यानं केव्हाच टोपी काढली होती.

"अगेन," बाई म्हणाली.

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. तो तिच्या दारात उभा राहिला त्या दिवसापासून तिनं त्याच्याकडे स्वतःहून काही मागितलेलं नव्हतं. त्यानं जानवं तसंच राहू दिलं, तांब्या जवळ ओढला आणि त्यातलं पाणी संपेपर्यंत तो तिच्या मुलाचं नाव घेत राहिला.